व्यायामाचे साहित्य कोणाच्या घरी?

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली, तेव्हा सामान्य माणसाला दिलासा मिळाल्याचा मोठा गजर झाला. त्या फेररचनेतील एक विसंगती मात्र फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. व्यायामशाळांच्या शुल्कावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. क्रीडासाहित्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. परंतु सर्वसाधारण शारीरिक व्यायामाची उपकरणे या सवलतीतून वगळली गेली आणि १८ टक्क्यांच्या टप्प्यातच राहिली. जो शुल्क भरून व्यायामशाळेत जाऊ शकतो त्याला सवलत. जो हजार रुपयांची डंबेलची जोडी घरी आणू पाहतो त्याच्यावर मात्र १८० रुपयांचा भार, असा हा न्याय आहे.

या न्यायाचा अर्थ सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकावरील जत तालुक्यात उभे राहून पाहिला, म्हणजे तो स्पष्ट होतो. १९४८ पर्यंत डफळे घराण्याचे संस्थान असलेला हा भाग अवर्षणाने गांजलेला. म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट पाहण्यात येथील पिढ्या सरल्या. येथून दरसाल ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पडतात. संख, उमदीसारख्या सीमेलगतच्या गावांतील तरुणाला पोलीस भरती ही नोकरीची मोजक्या वाटांपैकी एक वाट वाटते. त्या भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते व धावण्याबरोबर गोळाफेकीलाही गुण असतात. रस्ता फुकट आहे, म्हणून धावण्याचा सराव होतो. गोळा आणि वजने विकत घ्यावी लागतात, म्हणून तो सराव राहून जातो. साहित्याचा प्रश्न येथे हौसेचा नाही, भाकरीचा आहे.

कष्टकऱ्याला व्यायामाची गरज काय, असा प्रश्न चळवळीतही विचारला जातो. तो वरवर रास्त वाटतो. पण श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे. श्रमाची गती व दिशा मालकाची गरज ठरवते. मोळी डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीची मान आणि कंबर झिजते, ती बळकट होत नाही. शिवणयंत्रावर वाकलेला शिंपी, दिवसभर गाडी हाकणारा चालक, गल्ल्यावर बसणारा दुकाननोकर यांचे शरीर एकांगी शिणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखवले. हा रोग आता केवळ सुखवस्तूंचा राहिलेला नाही.

मग घरोघरी यंत्रे हवीत काय? मुळीच नाही. याच मुलखात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. त्याला सतरंजीपलीकडे काही लागत नाही. जोर आणि बैठका यांना तेवढेही लागत नाही. बाभळीच्या लाकडाची मुद्गलाची जोडी गावचा सुतार करून देतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे शाळेत शिकवले जाते; म्हणजे दहा लिटरचा भरलेला कॅन हे दहा किलोचे वजनच होय. सायकलची जुनी ट्यूब ताणण्याच्या व्यायामाला पुरते. वय झालेल्यांनी व रक्तदाब असलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेऊन हलक्या वजनापासून आरंभ करावा, एवढे पथ्य पुरे. शरीर कमावण्यासाठी प्रथम पैसा लागतो, ही समजूत जाहिरातीने पसरवलेली आहे.

तथापि काटकसरीचा उपदेश करून थांबणे म्हणजे गरिबाला गरिबीतच रमवणे होय. गोळा, लोखंडी वजने, बार यांना पर्याय नाही. येथे अर्थशास्त्रातील एक साधा विचार उपयोगी पडतो. एका घरी आणलेले साहित्य दिवसातून अर्धा तास वापरले जाते व साडेतेवीस तास पडून राहते. तेच दहा कुटुंबांत फिरले तर प्रत्येकाचा खर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. आपल्या खेड्यांना ही रीत नवी नाही. लग्नकार्यासाठी गावाची किंवा देवस्थानची सामाईक भांडी असत. ज्याच्या घरी कार्य तो नेई आणि घासून परत करी. जुनी तालीम हेही सामाईक भांडवलच होते. सांगलीच्या संकेत सरगर याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाचे रौप्यपदक मिळवले. त्याच्या घरी पानाचे दुकान. त्याला घडवणारी वजने मात्र व्यायामशाळेची होती.

परंतु तालमीची एक उणीव चळवळीने मान्य केली पाहिजे. तिचे दार स्त्रियांना बहुधा बंदच राहिले. घरच्या व्यायामाची सर्वांत अधिक निकड म्हणूनच स्त्रियांना आहे. त्यांच्यासाठी साहित्य घरापर्यंत गेले पाहिजे. आणि ते सामाईक असूनही घरी नेता आले पाहिजे. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे बचत गटातून पाच किलोची जोडी महिनाभर नेता आली, तर हा पेच सुटतो.

यातून कार्यक्रम आपोआप सिद्ध होतो. व्यायामाच्या साध्या उपकरणांवरील कर क्रीडासाहित्याप्रमाणे ५ टक्क्यांवर आणावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे नेटाने लावून धरावी. व्यायामशाळांसाठीच्या शासकीय अनुदानात घरी नेण्याच्या साहित्याचा हिस्सा ठेवावा व शाळांतील कुलूपबंद साहित्य सायंकाळी गावाला खुले करावे, असे ठराव ग्रामसभांतून करून घ्यावेत. आणि शासन हलेपर्यंत न थांबता प्रत्येक शाखेने एक लहान भांडार उभारावे: दोन गोळे, चार जोड्या वजने, मुद्गल, उड्यांच्या दोऱ्या आणि एक नोंदवही.

१९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत कवायत आणि खेळ होते, ते केवळ करमणुकीसाठी नव्हते. ताठ कण्याचा माणूस अन्यायापुढे सहजी वाकत नाही, ही त्यामागची श्रद्धा होती. ती श्रद्धा जुनी झालेली नाही. तिला लागणारे साहित्य तेवढे गावोगाव पोचवावयाचे आहे.