मटकीचा श्वास

मटकीला नाक नाही, फुप्फुसे नाहीत. मग ती श्वास घेते म्हणजे काय करते? माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि हा प्रश्न मला दरवर्षी नव्याने ऐकायला मिळाला.

छाती वरखाली होते तो श्वासोच्छ्वास. श्वसन त्याहून खोल, पेशीपेशीत चालते. जिवंत पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्न संथपणे जाळते, त्यातून शक्ती मिळवते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. थोडी ऊबही निसटते. आंब्याच्या अढीत हात घालणाऱ्या कोकणातल्या आजीला ही ऊब पुस्तकावाचून ठाऊक असते. पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिये आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, आणि त्याच्या उबेने किती बर्फ वितळते ते मोजले. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शाळेत बर्फही नको आणि गिनीपिगही नको. मोड आलेली ५ ग्रॅम मटकी चंबूत घालावी. वर जाळीत कॉस्टिक पोटॅशचे खडे टांगावेत. बुचातून २ मिलिमीटर व्यासाची नळी काढून ती आडवी ठेवावी आणि तिच्यात लाल शाईच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. मटकी प्राणवायू घेते. तिने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पोटॅश शोषून टाकतो. चंबूतली हवा घटते आणि थेंब आत सरकू लागतो. समजा, १० मिनिटांत तो ५० मिलिमीटर सरकला, तर मटकीने १५७ घन मिलिमीटर प्राणवायू घेतला. झाला हिशेब!

पण थेंब काही एकट्या मटकीचेच ऐकत नाही. खोली तापली किंवा कुणी चंबूला हात लावला, की हवा फुगते आणि थेंब उलटा बाहेर पळतो. म्हणून एकाच घमेल्यातल्या पाण्यात तीन चंबू उभे करायचे: एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकडून गार केलेली, तिसऱ्यात तेवढेच काचमणी. पोटॅश आणि थेंब तिन्हींना. दहा मिनिटे स्वस्थ बसायचे, मगच मोजायला लागायचे. काचमण्यांचा थेंब हलला, तर ती करामत हवेची. तेवढी वजा केली की उरेल ते मटकीचे. बिनकामाचे वाटणारे हे काचमणी नसतील, तर सारा प्रयोग लटका!

एका वर्षी एका मुलीच्या उकडलेल्या मटकीचा थेंबही १२ मिलिमीटर आत सरकला. पुस्तकात तिथे शून्य. शेजारून सल्ला आला, "अगं, शून्य लिही, नाहीतर मार्क जातील!" तिने बाराच लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली. म्हणाली, "सर, मेलेली मटकी श्वास घेतेय."

काचमण्यांचा थेंब जागचा हलला नव्हता. म्हणजे दोष हवेचा नव्हे. बूच काढून वास घेतला, तर मटकी आंबलेली. आदल्या संध्याकाळीच ती घरून उकडून आणलेली होती. मटकी मेली होती हे खरे, पण रातोरात तिच्यावर जिवाणूंनी बिऱ्हाड थाटले होते, आणि प्राणवायू खात होते ते हे भाडेकरू! पुढच्या खेपेस ताजी उकडलेली, जंतुनाशकात धुतलेली मटकी घेतली, तेव्हा थेंब ढिम्म हलला नाही. शून्य लिहून तिला मार्क मिळाले असते; जिवाणू मिळाले नसते.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे, की मुलांच्या प्रयोगवहीतला आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर रागावू नका. तिसऱ्या चंबूत काय झाले, तेवढे विचारा. आणि दिवाळीच्या सुटीत घरी काही करून पाहायचे असेल, तर कॉस्टिक पोटॅशच्या वाटेला जाऊ नका. त्याने कातडी भाजते. त्यापेक्षा दोन सारखे थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी भरा, दुसऱ्यात ताजी उकडून गार केलेली. तोंडाशी कापूस लावून त्यातून एकेक थर्मामीटर आत सोडा. तापाचा नव्हे, साधा. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे मुलांना वाचू द्या, आणि जे दिसेल तेच लिहू द्या.