जास्त सिलिकॉन म्हणजे पक्के काम नव्हे



नुकतेच बांधलेले इंजिन दोन-चार महिन्यांत जाम झाले की ठपका ठरलेलाच असतो: ऑइल भेसळीचे किंवा बेअरिंग डुप्लिकेट. कधी ते खरेही असते. पण निकाल देण्याआधी इंजिनाच्या तळाचे ऑइलचे चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी पाहावी, एवढे कष्ट फार थोडे मेकॅनिक घेतात. माझ्याकडे अशी इंजिने उघडली जातात, तेव्हा त्या जाळीत पुष्कळदा सिलिकॉनचे रबरी तुकडे अडकलेले असतात.

ट्यूबमधले सिलिकॉन जाड थापून बोल्ट आवळले की ते जितके बाहेर येते तितकेच आतही येते. बाहेरचे बोटाने पुसले जाते. आतले लोंबत राहते आणि गरम ऑइलच्या माऱ्याने सुटते. ऑइलमध्ये ते विरघळत नाही. ‘फिल्टर आहे की!’ असे सांगितले जाते, पण जाळी पंपाच्या आधी असते आणि फिल्टर पंपानंतर. जाळीच बुजली तर फिल्टरपर्यंत पोचायला ऑइल उरत नाही. फिल्टरच्या पुढच्या एखाद्या जोडावर, ऑइलच्या भोकालगत सिलिकॉन फासले असेल, तर तुकडा अडवायला मध्ये काहीच नसते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच असते. टर्बोच्या ऑइलची वाटही तशीच अरुंद.

सिलिकॉन वापरूच नये, असे मी म्हणत नाही. आजच्या अनेक इंजिनांत चेंबरला आणि टाइमिंग कव्हरला कंपनीच ते सांगते. पण साधारण २-३ मिलिमीटरची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांना आतून वळसा घालून, ऑइलचा अंशही नसलेल्या पृष्ठभागावर. मग ट्यूबवर लिहिलेला वेळ, बहुधा पूर्ण २४ तास, थांबून ऑइल भरायचे. जिथे कॉर्क किंवा रबराचे पॅकिंग आहे, तिथे कंपनीने सांगितल्याशिवाय त्यावर सिलिकॉन नको. यंत्रावर तासलेल्या घट्ट जोडांसाठी हवा नसलेल्या जागीच घट्ट होणारे सीलंट मिळते. त्याचा आत आलेला जादा भाग पातळच राहून ऑइलबरोबर वाहून जातो. ते महाग पडते म्हणून टाळणे मला पटत नाही.

जाड थरामागे बहुतेकदा टाळलेले काम असते. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टभोवती दबलेली असते. ती ठोकून सपाट करायला वेळ लागतो. जुने सिलिकॉन खरवडायला ग्राइंडरची चकती फिरवतात, तेही घातकच: तिची धूळ ऑइलच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते.

यात ग्राहकांचाही वाटा आहे. गाडी संध्याकाळीच हवी असते आणि खाली थेंब दिसला नाही की काम उत्तम समजले जाते. थेंब निदान आधी सूचना देतो. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंग अनेकदा गेलेले असते.

म्हणून माझा आग्रह आहे की चेंबर बंद होण्यापूर्वी ग्राहकाने जाळी आणि आतली कड डोळ्यांनी पाहावी, आणि गॅरंटीत परत आलेल्या इंजिनाचा पहिला बोल्ट चेंबरचाच, ग्राहकासमोर खोलला जावा.

— एक इंजिन कारागीर, सांगली