ठपका इंजेक्शनवर, पुरावा कुठे?



‘पेप्टाइडच्या इंजेक्शनने तोंड वाकडे होते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान घाईचे वाटते. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा, दरवर्षी लाखात २०-३० जणांना कोणतेही इंजेक्शन न घेता होते. मधुमेहींना तर अधिकच. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ साली नाकात फवारायच्या फ्लूच्या लशीवर असाच संशय आला. रुग्णांची रीतसर मोजदाद झाली, तेव्हाच संबंध सिद्ध झाला. अर्थात बीपीसी-१५७ सारखी मान्यता नसलेली पेप्टाइडे टोचून घेणे धोक्याचेच.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याची चिंता वेगळी आहे. ‘सर्च’ या संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण गडचिरोलीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. तोंड वाकडे झाले, पण भुवई उचलता येते, किंवा हात लुळा पडला, किंवा बोलणे बोबडे झाले, तर पक्षाघाताचीच शंका घ्यावी. भुवई हलत नाही, डोळा मिटत नाही, तर बहुधा बेल्स पाल्सी. त्यावर स्टिरॉइड ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. निदान मात्र डॉक्टरांनीच करावे. ‘वारं लागलं’ म्हणून लेप लावत बसू नका; तडक रुग्णालय गाठा.

– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)