‘अनाम तारवटी’ असा दगड नको, नावं हवीत

लंडनजवळ ग्रीनिचला इंग्रजांचं जुनं नौदल कॉलेज आहे. तिथल्या ‘पेंटेड हॉल’मध्ये एक कोरीव दगड आहे. जून १९४१ मध्ये अमेरिकेचे तीन नागरिक ब्रिटिश नौदलात अधिकारी म्हणून इथं दाखल झाले, असं त्यावर लिहिलंय. माणसं तीन, नाव एकाचंही नाही. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, आणि परक्या राजाची शपथ घेतली तर नागरिकत्व जायची भीती. नावं कोरणार कशी?

पर्ल हार्बरच्या आधी असे स्वखुशीने गेलेले २२ अमेरिकन संशोधकांनी पुढे शोधून काढले. त्यांच्यावरचं पुस्तक यायला २०१० साल उजाडलं. त्यातला बॉस्टनचा जॉन पार्कर ‘ब्रॉडवॉटर’ या विनाशिकेवर होता. १८ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन पाणबुडीने ती अटलांटिकमध्ये फोडली, त्यात तो गेला. ती बोटही मूळची अमेरिकेचीच, इंग्रजांना दिलेल्या ५० जुन्या विनाशिकांपैकी एक. पार्कर गेल्यावर सात आठवड्यांनी त्याचा देश युद्धात उतरला.

फक्त बावीस माणसं. त्यातली बरीचशी शिकलेली, अधिकारी हुद्द्यावरची. त्यांची नावं गोळा करायला इतकी वर्षं लागली, तर आपल्या तारवट्यांचं काय?

आपला गोवा तेव्हा पोर्तुगालचा, आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. म्हणजे इंग्रजांच्या लेखी आपली माणसंही परदेशीच. तरी गोव्याचे कुक, स्टुअर्ड ब्रिटिश व्यापारी जहाजांवर होते, हिंदी महासागरातल्या त्यांच्या लढाऊ जहाजांवरही होते. स्टुअर्ड म्हणजे नुसता साहेबाला चहा देणारा नव्हे. लढाई जुंपली की दारूगोळा पोचवायला, जखमींना उचलायला त्यालाही धावावं लागे. आणि टॉर्पेडो लागला की तो कुणाचा पासपोर्ट विचारत नाही.

काही लोक म्हणतात, ते पोटासाठी गेले, त्यांना स्वयंसेवक कसं म्हणायचं? आम्हाला हे पटत नाही. त्यांच्यावर सक्ती कुणाची नव्हती. समुद्रात पाणबुड्या आहेत हे ठाऊक असून त्यांनी पुन्हा सही केली आणि बोटीवर चढले. घरी पैसे पाठवले म्हणून धोका कमी झाला काय? वादळाची खबर असताना दर्यात उतरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

त्यांना शोधणं कठीण का, तेही बघा. एकाच गावात चार-चार फर्नांडिस, त्यातले दोघे जुझे. कारकुनाने कानाला लागलं तसं स्पेलिंग लिहिलं. आणखी एक गोम आहे. बोटीची वाट बघत आपले तारवटी मुंबईत धोबीतलावला, डाबुलला आपापल्या गावच्या कुडांत राहायचे. कागदावर तोच पत्ता पडला की साष्टीचा माणूस मुंबईकर होऊन बसतो आणि गाव पुसलं जातं.

मुंबईत मस्जिद बंदरजवळ खलाशांच्या जुन्या सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्यांची स्मरणवही आहे. सुमारे ६,५०० नावं, बहुतेक व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची. त्यात आपल्याकडची आडनावं आहेत. ती आपल्या वाड्यांशी जुळवायचं काम लंडनचा संशोधक करणार नाही, ते इथल्याच माणसाला जमेल.

बंदरावर ‘अनाम तारवट्यांना’ असा दगड बसवणं सोपं आहे. एक रविवार, एक पाहुणा, एक हार. आम्ही त्याच्या विरोधात आहोत. आधी यादी करूया, मग दगडाचं बघू. यादीत दहाच नावं आली तरी चालतील, पण ती खरी असावीत.

तेव्हा बोटवाल्यांनो, घरच्या बायामाणसांनो, माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. आजोबांचं डिस्चार्ज बुक, बोटीवरून आलेलं पत्र, पगाराची चिठ्ठी, पदक, फोटो, जे असेल ते बघा. फोटोच्या मागची बाजू विसरू नका, नावं तिथेच असतात. नावाचं स्पेलिंग सुधारू नका, आहे तसंच ठेवा. कागद लॅमिनेट करू नका. मूळ कागद घरीच राहू दे, दोन्ही बाजूंचे फोटो काढून सोसायटीच्या ऑफिसात द्या, आणि म्हाताऱ्या माणसांना घरातलं हाक मारायचं नावही विचारून घ्या.