बरोबरीचे मोल
जॉर्जियातील बाटुमी येथे २०२५ च्या जुलैत झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि ३८ वर्षांच्या कोनेरू हंपी यांचे दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. पहिल्यात दिव्याचे पारडे जड होते. हंपींनी चिवटपणे डाव वाचविला. पुढे जलद डावांतील पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्या विजयी झाली. लोकांनी विजय तेवढा ध्यानात ठेवला. परंतु आधीचे तीन डाव तिने गमावले नाहीत, म्हणूनच चौथा निर्णायक ठरला. कांदिवलीतील पालकांनी स्पर्धेहून परतलेल्या मुलास ‘जिंकलास काय?’ एवढेच विचारू नये. ‘डाव कसा वाचविलास?’ हेही विचारावे. बरोबरी ही विजयाची उणीव नव्हे. ती समर्थाने समर्थास दिलेली मान्यता होय.