मळकट म्हणून फेकू नका!

आमच्या वीरला पावसाळ्यात पाऊस धो धो. पण एप्रिल-मे आला की पाणी साठवायची धांदल. हौद भरला की डास आलेच. म्हणून आरोग्यसेविका ताई गप्पी मासे देऊन गेल्या. शेजारच्या काकू हौदात वाकून म्हणाल्या, "अगं, यातले चारच खरे गप्पी. बाकीचे कसले मळकट! काढून टाक." मीही टाकणारच होते.

मैत्रिणींनो, ते मळकट मासे म्हणजे माद्या होत्या! रंगीत शेपटी मिरवतो तो नर. मादी त्याच्याहून मोठी, करडी, पोटाच्या मागच्या बाजूला गडद डाग असलेली. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. साधारण महिन्याला एक वेत. नर एकदा भेटला की पुढे कित्येक महिने तो नसला तरी चालतं. डासांच्या अळ्याही जास्त तीच खाते. राबणारी ती, ओळख मात्र त्याची. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं ना?

गंबुशिया नावाचा आणखी एक मासा याच कामासाठी १९२८ साली इटलीतून भारतात आणला गेला. तोही पिल्लं देणारा. त्याचे नर-मादी दोघंही करडे, म्हणून गप्पीच्या मादीशी गल्लत होते. शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर तो गंबुशिया समजावा.

हे दोघेही मूळचे परदेशी. हौदात उपकारक, पण ओढ्यात सुटले की भराभर वाढतात आणि इथल्या माशांची अंडी-पिल्लं खातात. आपल्या कोकणातल्या ओढ्यांत डोक्यावर चमकता ठिपका असलेला एक चिमुकला मासा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. तोही डासांच्या अळ्या खातो. पाहुण्यांपायी घरच्याला उपाशी का मारायचं?

म्हणून मला वाटतं, मासे वाटताना त्यांची ओळखही करून द्यावी. घरोघरी पाणी भरते ती बाई. मग तिला दोन वाक्यं जास्त सांगायला काय हरकत आहे? आणि आपणही एवढं करू या: जास्तीचे मासे ओढ्यात, नदीत न सोडता शेजारणीच्या हौदासाठी द्यायचे. पिंपं, घागरी मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करायच्याच. ते काम काही मासे करणार नाहीत!

काकूंच्या हौदात आता माझ्याकडच्या चार 'मळकट' माद्या आहेत. परवा त्याच हाक मारून म्हणाल्या, "अगं, पिल्लं झाली!"