लॅपटॉप गेममध्ये स्लो होतोय? रॅमवर पैसे घालण्याआधी तापमान बघा

"दादा, पहिली दहा मिनिटं गेम मस्त चालतो. मग एकदम पीपीटी होतो रे."

एप्रिलमध्ये अकोल्याहून मावसभावाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी ईएमआयवर गेमिंग लॅपटॉप घेतला, हप्ते आत्ता कुठे संपलेत. शहरातल्या एका दुकानात दाखवला, तर तिथल्या माणसाने पाच मिनिटांत निदान करून टाकलं: रॅम कमी पडतेय, 16 जीबीची 32 करून घे. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ हबकला आणि त्याने मला फोन लावला.

बरं झालं लावला. सध्या रॅम घेणं म्हणजे सोनं घेण्यासारखं झालंय. 2025 च्या शेवटापासून रॅमच्या किमती जगभर वेगाने वाढल्या. कारण एआय. मोठमोठ्या डेटा सेंटर्सना लागणारी मेमरी बनवण्यात चिप कंपन्यांना जास्त पैसा मिळतो, त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि तुमच्या-आमच्या लॅपटॉपच्या वाट्याला कमी माल उरला. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशियल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भारतात जुना लॅपटॉप अपग्रेड करणाऱ्या कितीतरी जणांनी याच ब्रँडची रॅम बसवलेली असेल.

रॅम महागली की नवीन लॅपटॉपही महागतो. म्हणजे हातात आहे तोच लॅपटॉप अजून दोन-तीन वर्षं ओढायचा. अशा वेळी चुकीच्या निदानावर पैसे गेले तर ते जास्त टोचतं.

रॅमचा प्रॉब्लेम की उष्णतेचा?

भावाच्या तक्रारीतच उत्तर होतं: "पहिली दहा मिनिटं मस्त." रॅम कमी असेल तर ती पहिल्या मिनिटालाही कमीच असते. गेम लोड व्हायला वेळ लागतो, नवीन भाग समोर आला की झटके बसतात, मागे क्रोम उघडा असेल तर अजूनच हाल. पण सुरुवातीला लोण्यासारखा चाललेला गेम पंधराव्या मिनिटाला अडखळायला लागतो, पाच मिनिटं थांबून परत सुरू केला की पुन्हा थोडा वेळ बरा चालतो, हे उष्णतेचं लक्षण आहे.

व्हिडिओ कॉलवर त्याला टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. गेम चालू असताना मेमरी वापर 16 पैकी 11 जीबी. म्हणजे रॅम आरामात होती. मग एचडब्ल्यू-इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून गेम पुन्हा चालवला. प्रोसेसर 97 अंशांवर गेला आणि 4 गीगाहर्ट्झच्या वर पळणारा त्याचा वेग धपकन 2.3 वर आला. त्याच सॉफ्टवेअरमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' नावाची ओळ असते. तिच्यासमोर 'येस' उमटलं. निदान संपलं.

थ्रॉटलिंग हा बिघाड नाही हे आधी समजून घ्या. लॅपटॉपचे प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंशांपर्यंत तापू देतात. त्या रेषेजवळ आले की स्वतःला जळण्यापासून वाचवायला ते वेग कमी करतात. घाटात इंजिन गरम व्हायला लागलं की ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, तसंच. ग्राफिक्स चिपचंही तेच, फक्त तिची मर्यादा थोडी खाली, 87 अंशांच्या आसपास असते. शिवाय बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोघांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात. एक तापला की दुसऱ्यालाही त्रास.

तुमच्या फोनमध्येही हेच होतं. मार्च 2022 मध्ये सॅमसंग याच विषयावरून अडचणीत आलं होतं. गॅलेक्सी फोनमधली 'गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस' गेम चालू असताना फोनचा वेग गुपचूप कमी करते, पण बेंचमार्क ॲप चालवलं की करत नाही, असं उघड झालं. गीकबेंचने एस10 पासून एस22 पर्यंतच्या मालिकांचे स्कोअर यादीतून काढले. राग थ्रॉटलिंगवर नव्हता, लपवण्यावर होता. लॅपटॉप कंपन्याही थोडं असंच लपवतात, त्याकडे पुढे येतो.

35 अंशांचा लॅपटॉप, 42 अंशांची खोली

आता हा अकोल्याचाच प्रॉब्लेम का झाला ते बघू. लॅपटॉपचा फॅन हवा थंड करत नाही. तो फक्त खोलीतली हवा आत ओढतो आणि गरम हवा बाहेर फेकतो. त्यामुळे आतलं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक काहीतरी. खोली 25 अंशांवर असताना प्रोसेसर 85 वर जात असेल, तर तेवढंच काम करताना 40 अंशांच्या खोलीत तो ढोबळमानाने 100 वर जाईल. लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नसताना.

बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'ऑपरेटिंग टेम्परेचर' नावाची बारीक अक्षरातली ओळ असते, आणि तिथे वरची मर्यादा साधारण 35 अंश लिहिलेली असते. ॲपलही 10 ते 35 अंश हेच सांगतं. एप्रिल-मेमध्ये अकोला, नागपूर, चंद्रपूरला पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याच्या किंवा थेट उन्हाखालच्या स्लॅबच्या खोलीत दुपारी आत काय होतं ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. यूट्यूबवर एसी स्टुडिओत केलेला रिव्ह्यू बघून तुम्ही लॅपटॉप घेता आणि तो चालवता मात्र या खोलीत. रिव्ह्यूतले फ्रेम्स तुम्हाला का मिळत नाहीत याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर वॅटमध्ये आहे. आरटीएक्स 4060 असलेला लॅपटॉप म्हटलं की आपल्याला वाटतं सगळीकडे सारखाच असेल. पण लॅपटॉपमधली ही चिप 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठेही सेट केलेली असू शकते. स्टिकर एकच, ताकदीत मोठा फरक. पातळ, चकाचक लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून कंपनी वॅट कमी ठेवते आणि जाहिरातीत फक्त चिपचं नाव मोठं छापते. हा आकडा टीजीपी नावाने वेबसाइटच्या स्पेसिफिकेशनमध्ये खाली कुठेतरी सापडतो. सापडला नाही तर घेण्याआधी दुकानदाराला विचाराच. त्यालाही माहीत नसेल तर ते मॉडेल थोडं बाजूला ठेवा.

महाग घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. जुलै 2018 मध्ये ॲपलचा नवा 15 इंची मॅकबुक प्रो कोअर आय9 प्रोसेसरसह आला. डेव्ह ली या यूट्यूबरने दाखवलं की व्हिडिओ रेंडर करताना तो इतका तापतो की आदल्या वर्षीच्या आय7 मॉडेलपेक्षाही मागे पडतो. त्याने तोच लॅपटॉप चक्क फ्रीझरमध्ये ठेवून रेंडर केला, तेव्हा काम बरंच लवकर झालं. काही दिवसांतच, 24 जुलैला ॲपलने चूक मान्य करून अपडेट दिलं. (तुम्ही फ्रीझरचा प्रयोग करू नका. बाहेर काढल्यावर आत दव साचतं आणि मग रॅमचं सोडा, मदरबोर्डच बदलावा लागतो.)

मग करायचं काय?

सगळ्यात आधी फुकटचा उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात परिणामकारक: फ्रेम रेट बांधून टाका. भाऊ व्हॅलोरंट खेळताना फ्रेम्सवर काहीच मर्यादा नव्हती, लॅपटॉप मिळेल तेवढे फ्रेम्स काढत सुटला होता. स्क्रीन 144 हर्ट्झची, म्हणजे त्यावरचे फ्रेम्स दिसतही नाहीत, फक्त उष्णता होते. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा एनव्हिडियाच्या ॲपमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ठरवता येतो. स्पर्धेचे गेम असतील तर स्क्रीनच्या हर्ट्झइतका ठेवा, कथेचे गेम असतील तर 60 पुरे. आधी 140 आणि मग 35 असे हेलकावे खाण्यापेक्षा सलग 60 हाताला कितीतरी बरे लागतात.

दुसरं, लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधला 'टर्बो' किंवा 'परफॉर्मन्स' मोड काढून मधला मोड लावून बघा. हे उलटं वाटेल. पण प्रोसेसरचा शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. तो मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेवढा वेग सोडून दिला तर उष्णता बरीच उतरते आणि वाचलेली मोकळीक ग्राफिक्स चिपला मिळते.

इंटरनेटवर एक युक्ती फार फिरते: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 वरून 99 टक्के करा. त्याने टर्बो बूस्ट पूर्ण बंद होतो आणि तापमान खरंच धाडकन खाली येतं. पण नव्या प्रोसेसरचा मूळ वेग फार कमी असतो. कोअर आय5-12450एच चा मूळ वेग 2 गीगाहर्ट्झ आहे आणि बूस्ट 4.4. म्हणजे 99 टक्के केल्यावर अर्धाच प्रोसेसर उरला. ही युक्ती मेच्या दुपारपुरती ठेवा. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतही नाही.

जुन्या व्हिडिओत अंडरव्होल्टिंगही सांगतात, म्हणजे तोच वेग थोड्या कमी व्होल्टेजवर चालवणं. उपाय उत्तम होता. पण डिसेंबर 2019 मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये ही सोय बायॉस अपडेटने कुलूपबंद झाली. तुमच्याकडे तो स्लायडर हलत नसेल तर चूक तुमची नाही.

चार्जरही बघून घ्या. मूळ चार्जर 180 वॅटचा असेल आणि तुम्ही मित्राचा 65 वॅटचा टाइप-सी लावून खेळत असाल, तर लॅपटॉप स्लो होणारच. तिथे तापमान कमी आणि वेगही कमी, असं चित्र दिसतं.

आता साफसफाई. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून खेळणं आधी बंद करा, खालच्या जाळ्या बुजतात. मागची बाजू दोन जाड पुस्तकांवर उचलली तरी फरक पडतो. कूलिंग पॅड त्यानंतर, तेही आतला फॅन साफ असेल तर. आत धूळ भरली असेल तर पॅड कितीही भारी असो, हवा जाणार कुठून? भावाचा लॅपटॉप उघडला तेव्हा हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा असा थर होता की बोटाने सोलून काढता आला. ब्लोअर मारताना फॅनची पाती काडीने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही बदलून घ्या. कोणी लिक्विड मेटल लावतो म्हणाला तर नको म्हणा. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि वीजवाहक असल्यामुळे भलत्या जागी सांडलं तर शॉर्ट. कंपनीने कारखान्यात लावलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र वाट न बघता करायची. टचपॅड वर आल्यासारखा वाटतोय किंवा तळ फुगलाय, तर बॅटरी फुगलीये. उष्णतेने बॅटरी लवकर थकते. अशा लॅपटॉपवर गेम नाही, चार्जिंग नाही, थेट सर्व्हिस सेंटर.

रॅमवाल्यांची बाजूही सांगतो. तुमच्याकडे 8 जीबीची एकच पट्टी असेल, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर दुसरी पट्टी टाकून फ्रेम्स खरंच वाढतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर जास्तच. दुकानदार प्रत्येक वेळी चुकतो असं नाही. पण त्याने तापमान बघितलं का, एवढा प्रश्न विचारा. भावाच्या दुकानदाराने लॅपटॉप पाच मिनिटं चालू करून बघितला होता. पाच मिनिटांत तो तापतच नाही.

साफसफाई, नवी पेस्ट आणि फ्रेम्सवर मर्यादा, एवढं केल्यावर भावाचा प्रोसेसर रात्रीच्या वेळी 82 अंशांवर स्थिरावला. रॅम अजून 16 च आहे. मेच्या दुपारी मात्र वेग आजही उतरतो, त्यावर कुठल्याही सेटिंगचा इलाज नाही. परवा विचारलं तर म्हणाला, "दुपारी खेळतच नाही दादा. रात्री दहानंतर कूलर जवळ ओढून बसतो." कूलरचं पाणी लॅपटॉपवर उडणार नाही एवढ्या लांब बस, असं त्याला सांगितलंय.